जमातीच्या देगेतील होडी

जैनुद्दीन हुसेन होडेकर (१९५१–२०२३), राहणार बुरोंडी. जन्मसाल शाळेच्या दाखल्यातले असून, नाव घालणाऱ्या चुलत्याने ते अंदाजाने सांगितले होते. व्यवसाय : होड्या बांधणे. फायबरच्या होड्या आल्यानंतर : होड्यांचा विचार करणे.

हा विचार तो लाकडात करी. हातभर लांबीचे नमुने घडवी, पाण्यात सोडी आणि बुडाले की प्रसन्न होई. खरी होडी बुडण्यापेक्षा हे स्वस्त, असे त्याचे मत होते.

पत्नी खतिजा मासे विकत असे. बुरोंडीस होडी वाळूच्या अलीकडेच थांबते आणि टोपल्या उतरवायला बायकांना कमरेइतक्या पाण्यात शिरावे लागते. एकदा लाटेने खतिजेला टोपलीसकट आडवे केले. गुडघा दुखावला. पुन्हा पाण्यात उतरायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. म्हणजे धंदा बंद.

"आता घरात बसून दिवसभर तुमच्याशी बोलू?" खतिजाने विचारले.

या धमकीने जैनुद्दीन कामाला लागला. होडीच्या नाळेलाच, म्हणजे पुढच्या टोकाला, खाली पडणारे दार बसवायचे आणि त्यावरून टोपली थेट वाळूवर न्यायची, असा त्याचा बेत होता. विहिरीत बुडालेला नमुना परत मिळत नाही, म्हणून त्याने जमातीची मोठी देग, गावजेवणाचा पुलाव शिजवायचे पातेले, घरी आणली.

आता, देग ज्याच्या घरी जाते त्याच्याकडे दावत असते, आणि निमित्त विचारणे असभ्य मानले जाते. त्यामुळे दुपारी निम्मे गाव अत्तर लावून अंगणात हजर झाले. प्रस्तुत लेखकाने तर न्याहारीही टाळली होती.

देगेत पाणी होते. त्यात चिकणमातीच्या टोपल्या लादलेली होडी. जैनुद्दीनने पुलावाच्या डावाने लाट उठवली. दार उघडले, होडी बुडाली.

"जैनूभाय, शिजायला किती वेळ लागंल?" सगुणाने विचारले. ही खतिजेची बाजारातली जोडीदारीण.

उपाशी माणसाइतका कठोर परीक्षक नाही. प्रत्येकाने चुका काढल्या. शेवटी सगुणा म्हणाली, "अरे, बाय उतरत नाय म्हणून होडीचं नाक कशाला कापतंस? फळी वेगळी ठेव. किनाऱ्याला लागली की लाव."

"फळी वाळूत रुतेल."

"मग तिला पाय कर! गुडघं नको करू, ते दुखतात."

पाण्यात पडल्यापासून खतिजा प्रथमच हसली. संध्याकाळपर्यंत नाळेवर अडकणारी, रुंद पायांची फळी देगेत उभी राहिली. पुढे तशाच मोठ्या फळीवरून खतिजा कोरड्या पायांनी टोपली उतरवू लागली, आणि अजूनही उतरवते.

नमुन्यांचे डांबर देगेच्या तळाला लागले, ते आजतागायत निघालेले नाही. हा हिशेब जमातीच्या दप्तरी उघडाच आहे. दावतीचा मात्र मिटला. जैनुद्दीन गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला तीच देग अंगणात आली. सगुणाने आधी झाकण उचलून आत पाहिले, आणि मगच ती पंगतीत बसली.