समाधान सरांची खडोलीची नोकरी

समाधान सरांचं वाईट कुणीच चिंतलं नव्हतं, आणि मला राग येतो तो याचाच. कुणी मुद्दाम केलं असतं तर त्याच्या नावाने चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. इथे शिवी द्यायला माणूसच सापडत नाही.

सर म्हणजे कॉलेजातले सर नव्हेत. मूळचे पारोळ्याकडचे. बारावी करून सिल्वासाला आले, जवळच्या सायली गावातल्या एका यार्न कंपनीत मशीनवर लागले, ठेकेदाराच्या हाताखाली पुष्कळ वर्षं काढली आणि शेवटी कंपनीने त्यांना कायम केलं. आमच्याकडे 'कायम' या शब्दाला काय वजन आहे ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. ठेकेदाराचा माणूस आज कामावर असतो, उद्या गेटवर त्याचं कार्ड चालत नाही, आणि का चालत नाही हे विचारायची सोय नसते. कायम माणसाशी घरमालकसुद्धा नीट बोलतो. सामरवरणीच्या त्यांच्या चाळीत सरांची बायको, उषावहिनी, नवऱ्याची ओळख करून देताना आधी 'कायम आहेत' असं सांगायच्या आणि मग नाव.

कंपनीत कॉम्प्युटरचं नेटवर्क बिघडलं की वापीहून माणूस यायचा. सुताच्या बॉबिनी बदलता बदलता त्याच्या मागे उभं राहून सरांना त्या कामाचा नाद लागला. पहिली शिफ्ट सुटली की ते किलवणी नाक्यावरच्या भावेशभाईंच्या नेटवर्किंगच्या क्लासमध्ये येऊन बसायचे. सर्टिफिकेटची एक परीक्षा पास झाले, मग त्याच्या वरची. क्लासमध्ये लॅब घ्यायला माणूस टिकत नव्हता, म्हणून भावेशभाईंनी त्यांनाच पुढे उभं केलं. मी तिथे नव्या पोरांना सुरुवातीचे धडे देते. माझे वडील महाडहून इथल्या मराठी शाळेत मास्तर म्हणून आले, त्यामुळे कोण शिकवतो आणि कोण नुसता फळा भरतो हे मला लहानपणापासून ओळखता येतं. समाधान सर शिकवायचे.

येणारी निम्मी पोरं परीक्षेतले प्रश्न कुठून तरी पैदा करून घोकत असत. सरांना त्याची चीड होती. त्यातून त्यांचा लाडका विषय असा की घोकून येतच नाही. रिडिस्ट्रिब्युशन. समजा दोन कंपन्या एक झाल्या. दोघींचे राउटर आपापल्या नेटवर्कात एकमेकांना रस्ते सांगत असतात, पण बोली निराळी. एकीकडे रिप, दुसरीकडे ओएसपीएफ. मग हद्दीवर दोन्ही बोल्या जाणणारा राउटर बसवायचा. त्याने इकडचे रस्ते तिकडे सांगायचे आणि तिकडचे इकडे. पोरं दोन ओळी टाइप करून हात झटकायची. सर त्यांना खुर्च्यांवरून उठवायचे आणि दोन रांगा करायचे. एक रांग मराठी, एक हिंदी, आणि दोघींच्या मध्ये पुढच्या टोकाला एक दुभाषा, मागच्या टोकाला दुसरा.

मग मराठी रांगेतल्या कुणाच्या तरी कानात सांगायचे, आज लॅब बहुतेक लवकर सुटेल. ते पोरगं पुढच्याला सांगे. पुढचा दुभाषा हिंदी रांगेला सांगे, आज लॅब जल्दी छूटेगी. ते हिंदी रांगेतून मागे सरकत जाई आणि मागचा दुभाषा मराठी रांगेला कळवी की तिकडून पक्की खबर आहे, लॅब सुटतेय. ज्याच्या कानात सरांनी पहिल्यांदा सांगितलं होतं तोच दप्तर भरायला लागे. सर हसून हसून बेजार होत. म्हणत, अरे बाबा, हे तूच सांगितलं होतंस ना?

मग खुर्च्या जागेवर आणि गंभीर चेहरा. बघा, म्हणायचे, 'बहुतेक' कुठे गेलं? हद्दीवर गळलं. एका प्रोटोकॉलचं, म्हणजे एका बोलीचं, माप दुसऱ्याला कळत नाही, म्हणून रस्ता किती चांगला किती वाईट याचा आकडा तिथे आपण आपल्या हाताने नवा लिहितो. आणि बातमी मुळात कुणाची, तेही गळलं. राउटरला रिपपेक्षा ओएसपीएफचा शब्द जास्त खरा वाटतो, म्हणून घरचा सरळ रस्ता सोडून तो फिरून आलेल्या रस्त्यावर विश्वास ठेवतो. मग माहितीचं पाकीट गोल गोल फिरतं आणि मरतं. उपाय एकच. पहिल्या हद्दीवर रस्त्याला टॅग लावायचा, हा इकडचा आहे म्हणून, आणि दुसऱ्या हद्दीवर तो टॅग दिसला की अडवायचं. माझ्या लॅबमधून जो टॅग न लावता बाहेर पडेल त्याने माझं नाव सांगू नये, असं ते म्हणायचे.

एवढं ज्याला कळत होतं त्याचं असं व्हावं, याला काय म्हणायचं?

खडोलीच्या एका पाइप कंपनीने नेटवर्कसाठी माणूस घ्यायचं काढलं, तेव्हा सर मुलाखतीला जाऊन आले. मशीन सोडून टेबलावर बसायची त्यांची एकच इच्छा होती आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. मुलाखत बरी झाली. कळवतो, असं कंपनी म्हणाली. त्यानंतर सर त्याबद्दल क्लासमध्ये अवाक्षर बोलले नाहीत.

मग एका दुपारी भावेशभाई केबिनमधून उठून लॅबमध्ये आले आणि सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "समाधानभाई, खडोलीवाळ्यांनी तुमचं पक्कं केलं. मला बाहेरून खबर आहे."

सर बावरले. त्यांनी विचारलं, कुणी सांगितलं? भावेशभाई म्हणाले, धंद्यातल्या माणसाने. तरीही सर थांबले असते, असं मला अजून वाटतं. पण त्याच आठवड्यात सायलीच्या कंपनीत त्यांच्या सुपरवायझरने खवचटपणे विचारलं, काय, साहेब होणार म्हणे, कधी निघताय? भावेशभाई आणि सुपरवायझर यांची ओळखदेख नाही. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच गोष्ट कानावर आली म्हणजे ती खरी, असा हिशेब सरांनी केला. कुणीही केला असता. त्यात आमच्या इथली रीत अशी की नवी कंपनी बोलावते तेव्हा उद्याच या म्हणते, आणि जुनी कंपनी महिन्याची नोटीस दिल्याशिवाय अनुभवाचं पत्र देत नाही. म्हणून शहाणा माणूस सुगावा लागताच नोटीस देऊन ठेवतो. सरांनी नेमणुकीची ऑर्डर हातात पडायच्या आधी राजीनामा दिला. उषावहिनींनी चाळीत पेढे वाटले, आणि माझ्या घरीही पाठवले.

नोटिशीचा महिना सरला. खडोलीहून काही येईना. सर फोन करत, तिकडची मुलगी गोड आवाजात सांगे की अजून काही ठरलेलं नाही. एकदा ते स्वतः जाऊन आले. तिथल्या माणसाने त्यांना सरळ सांगितलं की ती जागा यंदा भरायचीच नाही असं वरून आलंय, आणि तुम्हाला हो म्हणाल्याचं कोण म्हणतं? सायलीच्या कंपनीत परत विचारलं तर त्यांच्या जागी माणूस घेऊन झाला होता.

मला झोंबलं. माझा स्वभाव असा आहे की कुणी लोणकढी थाप मारली तर ती कुणाची, हे धुंडाळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी भावेशभाईंना धरलं. त्यांना सांगितलं होतं क्लासच्या केबल टाकणाऱ्या ठेकेदाराने, गुजरातीत, "एनुं थई गयुं छे," त्याचं झालंय. ठेकेदार म्हणाला, मी सायलीच्या यार्न कंपनीत काम करत होतो, तिथल्या टाइम ऑफिसमध्ये, हजेरी लावतात तिथे, ऐकलं. सुपरवायझरनेही तिथेच ऐकलेलं. टाइम ऑफिसच्या क्लार्कला हिंदीतून सांगणारा होता नवनाथ, उषावहिनींचा भाऊ. त्याच कंपनीत पॅकिंगला आहे. जिजाजी का खडोली में हो जाएगा, एवढंच मी बोललो, तो म्हणाला.

आणि तुला कुणी सांगितलं, मी विचारलं.

नवनाथने मी वेडी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "कोण सांगीन? जिजाजींनीच. घरी जेवाले बसेल व्हतूत, तवय म्हणे, खडोलीले मन्हं व्हई जाई असं वाटस."

एवढी हिंडून शेवटी मी सरांच्याच ताटाशी येऊन पोचले होते. माणसाने बायकोच्या, मेव्हण्याच्या समोर दोन घास खाताना मनातलं बोलून दाखवलं, त्यात काय पाप केलं? पण ते वाक्य घराच्या अहिराणीतून कंपनीच्या हिंदीत गेलं, हिंदीतून धंद्याच्या गुजरातीत गेलं, आणि प्रत्येक हद्दीवर त्यातलं 'वाटस', म्हणजे 'वाटतं', गळत गेलं. व्हई जाईचं हो जाएगा झालं, हो जाएगाचं थई गयुं. दोन वाटांनी फिरून ते सरांकडेच परत आलं आणि त्यांनी त्याच्यावर आपली कायमची नोकरी सोडली.

याहून कडू गोष्ट पुढे आहे. सर नोटिशीचे दिवस भरत होते तेव्हा सायलीतल्या दुसऱ्या एका कंपनीचा माणूस क्लासमध्ये खरोखर आला होता. त्यांनी शेजारची कंपनी विकत घेतली होती, दोन नेटवर्क जोडायची होती, आणि राउटरवर हात बसलेला कुणी तरी लगेच हवा होता. भावेशभाई म्हणाले, माझा सगळ्यात चांगला माणूस समाधान, पण त्याचं तर खडोलीला झालं. आणि त्यांनी हर्षलचं नाव दिलं. हर्षल सरांचाच विद्यार्थी, गुणी पोरगा, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तो आज त्या टेबलावर बसतो. सरांच्या हक्काची खरी नोकरी दारापर्यंत आली आणि त्या खोट्या नोकरीने तिला परत पाठवलं. हे मला भावेशभाईंनीच सांगितलं, डोक्याला हात लावून. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मला त्यांचं वाईट वाटणंसुद्धा सहन होईना.

सरांना सांगावं की नाही यावर मी फार विचार केला नाही. सांगितलंच पाहिजे असं माझं मत होतं. ज्याने लॅबमध्ये पोरांना 'मूळ शोधा' म्हणून सांगितलं त्याला अंधारात ठेवणं हा मला अपमान वाटला. लॅब सुटल्यावर, पोरं गेल्यावर मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि एकेक नाव घेत मागे मागे गेले. भावेशभाई, ठेकेदार, टाइम ऑफिस, नवनाथ. नवनाथचं नाव आलं तेव्हाच त्यांना कळलं. त्यांनी हाताने मला थांबवलं.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

मी मान हलवली. हर्षलचं त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी समोरचा कॉम्प्युटर बंद केला. मग इतक्या हळू आवाजात बोलले की मला पुढे झुकावं लागलं. "उषाला यातलं काही कळू देऊ नको, प्राजक्ता. ती मला माफ करील. तेच नको आहे."

त्यानंतर त्यांनी लॅब घेणं सोडलं. सायलीच्या त्याच यार्न कंपनीत ते परत मशीनवर लागले, पण ठेकेदाराकडून, अगदी सुरुवातीला लागले होते तसे. त्यांच्याकडून काम शिकलेली पोरं तिथे आता कायम आहेत.

पुढे उन्हाळ्यात माझ्या कानावर निराळंच यायला लागलं. क्लासच्या काउंटरवर नवी आलेली मुलगी मला सांगू लागली की खडोलीवाल्यांनी समाधान सरांना ऑर्डर देतो म्हणून शब्द दिला, राजीनामा द्यायला लावला आणि आयत्या वेळी साहेबाचा माणूस भरला. केबलवाला ठेकेदारही तेच म्हणाला, आणि वर त्या कंपनीला दोन शिव्या दिल्या. भावेशभाई तर म्हणाले की मला पहिल्यापासून संशय होता. सवयीने मी मागे मागे गेले. ठेकेदाराने टाइम ऑफिसात ऐकलं, टाइम ऑफिसला नवनाथने सांगितलं, नवनाथला उषावहिनींनी. आणि उषावहिनींना सरांनी. तेव्हा मात्र मला राग आला नाही. बायकोला काही तरी उत्तर द्यावंच लागतं. खालमानेने घरात वावरण्यापेक्षा कंपनीने फसवलं म्हणणं बरं, एवढी मुभा त्या माणसाला कुणीही देईल. खडोलीच्या त्या कंपनीचं त्याने काय बिघडणार होतं?

मग परवा ते मला झेंडा चौकात भाजी घेताना भेटले. वाळले होते. हातातली पिशवी खाली ठेवून त्यांनी माझ्या आईवडिलांची विचारपूस केली, क्लासची केली. हर्षल कसा आहे विचारलं. मग आपण होऊन म्हणाले, "खडोलीवाल्यांनी मला फसवलं गं प्राजक्ता."

मला वाटलं, आजूबाजूला ओळखीचं कुणी असेल म्हणून बोलताहेत. मी वळून पाहिलं. भाजीवाली सोडून तिथे कुणी नव्हतं आणि तिला मराठी येत नव्हतं.

"भावेशभाईंना विचार," ते म्हणाले. "तो केबलवाला परवा भेटला होता, तोही सांगत होता. आमच्या कंपनीत सगळ्यांना माहीत आहे. एवढी माणसं उगाच कशाला बोलतील?"

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्या दुपारी लॅबमध्ये 'म्हणजे मीच' म्हणणारा माणूस मी तिथे शोधत होते. तो नव्हता. ते मला पटवत नव्हते, काही लपवतही नव्हते. चार ठिकाणांहून ऐकलेली गोष्ट माणूस जशी सांगतो तशी सांगत होते, आणि माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी हो म्हटलं. हो सर, मीही तसंच ऐकलंय.

त्यांनी समाधानाने मान हलवली आणि पिशवी उचलली. आता भावेशभाई, ठेकेदार आणि टाइम ऑफिस यांच्या जोडीला सर माझंही नाव सांगतात, असं कालच नवनाथने मला सांगितलं.