आबांची गस्तीची बोट

धाराशिवला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे. गावच्या शाळेनं प्रजासत्ताक दिनाला माझ्या वडिलांचा सत्कार ठरवला, तेव्हा फ्लेक्स कोण करणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही. आबा तरुणपणी नौदलात होते, एवढंच गावाला माहीत होतं. मलाही फार जास्त माहीत नव्हतं. त्यांच्या बोटीचा एकच फोटो होता, काडेपेटीएवढा, धुरकट. मोठा केला की फुटायचा. अशा वेळी आमच्या धंद्यात सरळ नेटवरून चांगला फोटो घेतात. मी एक भलंमोठं जहाज घेतलं, वर विमानंसुद्धा होती. पुढं फेटा बांधलेले आबा, खाली सरपंच. आदल्या दिवशी सकाळीच तो फ्लेक्स व्यासपीठामागं टांगला.

आबांनी चष्मा पुसून पाहिलं.

"हे कुणाचं?"

"नौदलाचंच आहे, आबा."

"म्या यावर पाय ठेवला न्हाय कधी. ज्याचं हाय त्याला बोलवा, शाल-नारळ त्यालाच द्या. उद्या मी येणार न्हाय."

सरपंच म्हणाले, "आबा, लोकांना काय कळतंय? पाण्यात हाय न्हवं, झालं!"

"मला कळतंय की."

आणि ते घरी निघून गेले. पत्रिका वाटून झाल्या होत्या. विनवण्यांनी आबा हलत नाहीत, हे मला ठाऊक होतं. चूक माझी होती, तेव्हा गिऱ्हाइकाला विचारते तसं मी त्यांच्यासमोर बसून विचारलं, "तुमची बोट कशी होती? काम काय करायची?" इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं.

"बंदराचं तोंड अरुंद, पाणी उथळ. मोठं जहाज तिथं झटकन वळत न्हाय. म्हणून बारक्या बोटी." दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी असल्या बोटी लाकडाच्या बांधल्या, घाईघाईनं. त्यातल्या काही पुढं आपल्याकडं राहिल्या. आबांचे उस्ताद त्या लाकडी बोटींवर शिकलेले, आबा पोलादी बोटीवर. अनोळखी होड्या अडवायच्या, कागद बघायचे, आणि कानाला यंत्र लावून पाण्याखालचं ऐकायचं. आबांचं काम ऐकण्याचं.

"काय ऐकू येतं?"

"कोळंबी तडतडती. कढईत फोडणी टाकल्यावानी. त्यातून पाणबुडीच्या पंख्याचा आवाज निराळा काढायचा." मग हसले. "मोठ्या जहाजावरची पोरं चिडवायची, होडी घेऊन कुठं निघालाव म्हणून. पण बंदरातनं भाईर पडताना आधी आमी पाणी तपासायचो, मग ती निघायची."

"लांबी किती होती?"

आकडा सांगण्याऐवजी ते उठले आणि थेट शाळेच्या मैदानावर गेले. क्रीडाशिक्षकांकडून फक्कीची पाटी घेतली आणि जमिनीवर बोट आखायला लागले. बोट खो-खोच्या मैदानाहून लांब निघाली, रुंदीला त्याच्या निम्म्याहून कमी. नाळ, म्हणजे पुढचं टोक, टोकदार आखली. सुकाणू कुठं, तोफ कुठं, आपण बसायचो ते कुठं, सगळं पावलं टाकून दाखवलं. एका बाजूला हातभर जागा मोकळी सोडली. तिथून चढायचं.

मी शिडी लावून फ्लेक्स उतरवला.

"ताई, माझा फोटो बी गेला की!" सरपंच म्हणाले.

"तुमच्या वाढदिवसाला याच्यापेक्षा मोठा करून देते."

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं. आबा आले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. पण व्यासपीठावर चढले नाहीत. त्यांनी खुर्ची उचलून फक्कीच्या बोटीत, आपल्या जागेवर ठेवली आणि बसले.

"सत्कार हितंच करा."

पाहुणे एकमेकांकडं बघत खाली उतरले. सरपंच शाल घेऊन सरळ रेघ ओलांडायला निघाले, तसा आबांनी हात वर केला.

"थांबा. तिकडून पाण्यात पडाल. बाजूनं या."

सरपंचांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी मोकळ्या जागेकडं बोट दाखवलं. मग ते शाल छातीशी धरून वळसा घालून आले आणि सगळी शाळा बघत असताना बोटीवर चढले.