आयत्या गाडीवर दीर

हाकायोबेला पुरलं त्या दिवशी जो बोलायला उठला तो त्याच्या हातांबद्दल बोलला. चर्चचे वडील बोलले, धान्य डेपोतले जुने सोबती बोलले. "असे हात पुन्हा होणार नाहीत," एकजण म्हणाला, "नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा." बायकांनी हुंदके दिले. त्याची बायको चोल्वे चटईवर मान खाली घालून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, बिचारी रडतेय. बिचारी ओठ चावून हसू दाबत होती.

हाकायोबेला पाना कुठल्या बाजूला फिरवला की नट सैल होतो, हेही धड ठाऊक नव्हतं.

पेंबाजवळच्या त्या गावात ही डिझेलची पिकअप त्यांच्या मुलीच्या, लुयांडोच्या जन्माआधीपासून होती. घेतली तेव्हाच ती कुणीतरी वापरून टाकलेली होती. पुढचा एक दिवा आंधळा, हौद्याला गंज, दार आतून तारेने बांधलेलं. चोल्वेचा बाप माझाबुकाकडे एका गोऱ्याच्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. त्याच्याकडून तिला गुरं मिळाली नाहीत, पण ग्रीसने हात काळे झाले तर घाबरायचं नाही, एवढं मिळालं. बाकीचं तिनं गाडी बिघडवून बिघडवून शिकून घेतलं. पहिल्यांदा डिझेलचा फिल्टर बदलला तेव्हा पाइपात हवा राहिली आणि गाडी काही केल्या सुरू होईना. हवा काढायची असते हे कळेपर्यंत तिनं बॅटरी पार उतरवली होती. पुढं मात्र हीटर प्लग, नोझल, क्लच, सगळं तिच्या हाताखालून गेलं. मनगट बारीक असल्यामुळे स्टार्टरच्या मागं तिचा हात जाई, तिथं पुरुषाचा गेलाच नसता.

आणि हाकायोबे? तो सावलीत खुर्ची टाकून बसायचा. फाटकापाशी कुणाची चाहूल लागली, की साठीतला हा माणूस पोरासारखा झटकन उठून गाडीखाली सरपटत जायचा. बाहेर नुसते पाय. "बारा नंबरचा दे गं!" तिथून हुकूम यायचा. चोल्वे पाना द्यायची. त्या पान्यानं तो चॅसिसवर टुकटुक करायचा. पाहुणा गेला की बाहेर येऊन पँट झटकायचा आणि विचारायचा, "झालं का?"

"झालं," ती म्हणायची.

ती गप्प का राहिली? बोलली असती तर गाव हाकायोबेला हसलं असतं, आणि नवऱ्याला हसणारं गाव बायकोच्याच दारात येऊन बसतं. म्हणून ती गप्प राहिली. पोखरून वाळवलेल्या भोपळ्यात घातलेलं दूध आतल्या आत आंबत जातं, तसा तिचा तिरस्कार आंबत गेला. वरून भोपळा तसाच्या तसा.

दुखवटा संपला आणि हाकायोबेच्या माणसांनी घर वाटून घेतलं. गुरं एका चुलतभावाकडं गेली, कपाट दुसऱ्याकडं. कायदा वेगळं सांगतो हे चोल्वेला माहीत होतं, पण त्या अंगणात कायद्याला कुणी बसायला स्टूल दिलं नव्हतं. गाडी मागितली धाकट्या दिरानं, जायरॉसनं. हा चोमा शहरात राहायचा, कसल्याशा ऑफिसात. पँटीला इस्त्रीची धार, पायात टोकदार बूट. त्या बुटांनी त्यानं गाडीच्या टायरला लाथ मारून पाहिली. गाडी पारखायची म्हणजे टायरला लाथ मारायची, एवढंच ज्ञान त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

"वहिनी, गाडी मी नेतो. बाईमाणसाला गाडी काय करायची?"

"न्या, भावोजी. पण जरा ऐका, रेडिएटर..."

"मला गाडी शिकवू नका, वहिनी. दादाचा भाऊ आहे मी. त्याच्या हातात होतं तेच रक्त माझ्या हातात आहे."

चोल्वेनं त्याच्या हातांकडं पाहिलं. "ते मात्र खरं," ती म्हणाली.

रेडिएटर पाझरतो, रोज सकाळी पाणी भरावं लागतं, गरमीचा काटा कधीच मेलाय म्हणून नाक उघडं ठेवून चालवावी लागते, हे सगळं तिच्या जिभेवर होतं. ते तिनं गिळलं. गाडी फाटकाबाहेर गेली तेव्हा मात्र तिचा आवाज विरेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. नवऱ्याच्या कबरीपाशी एवढी थांबली नव्हती. ती घरात गेली आणि सगळे पाने काढून एकेक पुसत बसली. ते कुणी नेले नव्हते. लोखंडाची जुनी पिशवी, कोण नेणार?

आयत्या बिळावर नागोबा निदान वेटोळं घालून गप्प बसतो. जायरॉसनं चोमाभर गाडी मिरवली. विटा वाहिल्या, कोळसा वाहिला, मेव्हण्याचं लग्न वाहिलं. कालोमोच्या रस्त्यावर जळका वास आला तेव्हा त्याला वाटलं, कुणाच्या तरी शेतात आग लागली असेल. गाडी आपण होऊन थांबली. मग या शहाण्यानं तापलेल्या इंजिनावर बादलीभर गार पाणी ओतलं. पुढं चोमातल्या मेकॅनिकांनी आपापली करामत दाखवली. एकानं नोझल बदलले, दुसऱ्यानं पंप उघडून तसाच ठेवला. बिघाड जिथं होता तिथं कुणी बोटसुद्धा लावलं नाही.

मग एका दुपारी जायरॉस पाव आणि साखरेची पुडी घेऊन वहिनीच्या दारात आला. चोल्वे मका सोलत होती. सोलतच राहिली.

"वहिनी, गाडी पांढरा धूर सोडायला लागली, तर दादा काय करायचा हो?"

"दादा गाडीखाली झोपायचे."

"आणि मग?"

"मग मी दुरुस्त करायचे."

जायरॉस हसला. ती हसली नाही, तसं त्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. "चेष्टा करता राव गरिबाची."

"चेष्टा तुमच्या दादांनी केली, जन्मभर. तेल कसं दिसतंय?"

"कुठलं तेल?"

"इंजिनातलं. तेल मोजायची दांडी काढून पाहिलंत ना?"

त्याला दांडी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. चोल्वेनं हातातलं कणीस खाली ठेवलं. या माणसाला एवढी वर्षं आपण जेवायला वाढलं, याचंच तिला नवल वाटलं.

"इथं ओढून आणा," ती म्हणाली. "आणि काम होईतो तुम्हीही इथंच राहायचं. धुणं-पुसणं तुमच्याकडं."

मक्याच्या लॉरीमागं दोर बांधून गाडी आली आणि आंब्याखाली उभी राहिली. थंडीचे दिवस होते. चोल्वेनं तेलाची दांडी ओढली. दुधाच्या चहासारखं तेल. पाणी आत शिरलं होतं. तिनं इंजिन खोललं आणि वरचं जड झाकण, म्हणजे हेड, उचललं. दोन सिलिंडरांच्या मधलं गास्केट जळून काळं पडलं होतं. हेडवर लोखंडी पट्टी उभी धरून तिनं खालून पाहिलं, तर मधे उजेडाची फट. वाकलेलं. मग ते हेड पोत्यात गुंडाळून चोमाला फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला गेलं. जायरॉस रॉकेलच्या डब्यात डिझेल घेऊन बोल्ट धुवत बसला, बूट काढून, वहिनीच्या जुन्या चपला घालून.

गाव बघायला जमलं. बाईनं इंजिन खोललंय आणि चोमाचा साहेब बोल्ट धुतोय, असा तमाशा फुकट कोण सोडतो? हेड परत आल्यावर चोल्वे ते बसवायला लागली. मधून सुरुवात, मग बाहेर, सगळे बोल्ट थोडे थोडे आवळत. ती पाणी प्यायला उठली, तेवढ्यात लोकांसमोर आपणही पुरुष आहोत हे जायरॉसला आठवलं. त्यानं पाना घेतला, कोपऱ्यातला बोल्ट धरला आणि दात खाऊन जोर लावला. कट्‌!

चोल्वे परत आली. तुटका बोल्ट पाहिला. पाना त्याच्या हातातून असा काढून घेतला, जसं तान्ह्याच्या तोंडातून माती काढतात. "धुवत बसा," एवढंच म्हणाली. पेंबाच्या वेल्डरला बोलावून त्या तुटक्या बोल्टावर नट चिकटवून तो बाहेर काढावा लागला.

बैलांचा मालक म्हातारा सियांकुकु बघ्यांत पुढंच बसला होता. त्यानं कौतुकानं विचारलं, "हाकायोबेनं शिकवलं वाटतं तुला हे, पोरी?"

चोल्वेनं हात पुसले. "हाकायोबेला तेल कुठून ओततात तेही माहीत नव्हतं, बाबा. त्यांचे पाय गाडीखाली असायचे, आणि बाकी सगळी मी असायचे."

चर्चचे वडील खाकरले. एका बाईनं पदर तोंडाला लावावा तसं आपलं चितेंगे तोंडाला लावलं. चोल्वेनं एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तेव्हा तिला कळलं. काहींचा विश्वास बसला नव्हता, पण बऱ्याच जणांना हे आधीपासून माहीत होतं. माहीत असून ते कबरीपाशी उठून बोलले होते. हाकायोबे निदान स्वतःच्या अब्रूसाठी खोटं वागला. हे लोक फुकट वागले होते. नवऱ्याबद्दलचा तिचा जुना तिरस्कार एकदम लहान वाटायला लागला, एवढा मोठा वाटा गावाला द्यावा लागला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस गं?" ती चितेंगेवाली म्हणाली.

"तुम्ही विचारलंत कधी?"

हळूहळू एकेकाला घरची कामं आठवली.

गाडी सुरू झाली तेव्हा आधी काळा धूर आला, मग इंजिन खोकलं, अडखळलं आणि एका सुरात लागलं. चोल्वेनं बोनेटवर तळहात टेकून ती धडधड कितीतरी वेळ अंगात जिरवली. जायरॉस तोवर बूट घालून तयार होता. ती मनात आणती तर एखादा पाइप अर्धवट सैल सोडून दिराला पुन्हा रस्त्यावर बसवू शकली असती. तिनं तो पाइप पुन्हा एकदा आवळला. वाईट काम तिच्या हातून होत नसे, आणि जायरॉसइतकं खाली उतरायला तिला शिडी लागली असती.

"रोज सकाळी पाणी," ती म्हणाली.

"हो हो, वहिनी," असं म्हणत त्यानं गिअर खरडत गाडी काढली. आभार मानायचे असतात हे त्याला धुण्या-पुसण्याबरोबर कुणी शिकवलं नव्हतं.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा निरोप आला. गाडीनं पुन्हा धूर काढला, ओढ्यापाशी सोडून दिलीय, जायरॉसनं परदेशातून आलेली छोटी मोटार घेतलीय, आणि तो खटारा वहिनीनं चुलीत घातला तरी चालेल. चोल्वेनं सियांकुकुचे बैल मागितले. पण निघण्याआधी चर्चच्या वडिलांना घेऊन चोमाला गेली आणि त्यांच्यासमोर जायरॉसच्या तोंडून वदवून घेतलं, की गाडी वहिनीची. तो हसत हसत म्हणाला, "घ्या की! मढं घेऊन काय करणार?" वडिलांनी मान डोलावली. कबरीपाशी खोटं बोललेला माणूस निदान साक्षीला उपयोगी पडला.

ओढ्यापाशी गवत दारापर्यंत वाढलं होतं. बॅटरी चोरीला गेली होती, सीट चोरीला गेली होती, बोनेटवर शेळीचं पिल्लू उभं होतं. चोल्वेनं त्याला हाकललं, बोनेट उघडलं आणि घाबरत घाबरत दांडी ओढली. तेल काळंभोर, पाण्याचा थेंब नाही. मग तिला दिसलं. फॅनबेल्ट तुटून लोंबत होता. एवढंच. नुसता पट्टा! पहिल्या वाफेलाच साहेब गाडी टाकून पळाले होते. पुरल्याच्या दिवशी दाबलेलं हसू नव्हतं हे. ती तिथं गवतात बसून पोट धरून मोठ्यानं हसली, आणि बैल धरून उभा असलेला सियांकुकु काही न कळता तिच्याबरोबर हसला.

आता ती गाडी चोल्वे स्वतः चालवते. गावच्या शेळ्या चोमाच्या बाजारात नेते, येताना खत आणते. शेजारच्या गावांतले लोक आपल्या जुन्या गाड्या आंब्याखाली आणून उभ्या करतात. ती काम करते, पण कुणाला चहा विचारत नाही. फार कोरडी बाई, असं लोक म्हणतात.

परवा पावसात जायरॉसची छोटी मोटार गावच्या रस्त्यावर पोटापर्यंत चिखलात रुतली. तो हात वर करून उभा. चोल्वेनं गाडी थांबवली. पुढं तिच्याशेजारी पाय सुजलेली एक म्हातारी होती, दवाखान्यात निघालेली.

"वहिनी, चोमापर्यंत सोडा हो."

"मागं बसा."

"मागं शेळ्या आहेत!"

"त्या सरकतील. तुमच्यापेक्षा समजूतदार आहेत."

टोकदार बूट चिखलातून निघाले आणि हौद्यात चढले. एका बोकडानं लगेच त्याची बाही तोंडात धरली. म्हातारीनं मागं वळून बघितलं आणि विचारलं, "कोण गं तो?"

"हाकायोबेचा भाऊ," चोल्वे म्हणाली, आणि गिअर टाकला.