मामूंना नको असलेले दिवे

कथिल वितळल्याचा वास आला की मला परंड्याच्या किल्ल्याजवळची ती संध्याकाळ आठवते. छप्पर वर उचललं की कापडी खोली होते, असा एक जुना ट्रेलर अम्मीनं आणि मी घेतला होता आणि जीपमागं जोडून पहिल्यांदाच दोघी बाहेर पडलो होतो. अम्मीचा सारा जन्म शिलाई मशीनवर गेलेला, आता तिला फिरायचं होतं. ओळखीच्या शेतात मुक्काम ठरला. ट्रेलरच्या दारावरच्या ताडपत्रीखाली मी दिव्यांची पट्टी लावत होते, तेवढ्यात माझे मामू मोटारसायकलवरून समजूत घालायला आले. "आपा, दिवे काढा. दोघी बायाच हायत हे लांबून दिसंल." अम्मी म्हणाली, "दिसू दे. आमी काय चोरी केली व्हय, लपून बसायला? येणारा माणूस मला दिसला पायजे." मी शेवटची तार कथिलानं डागली, बटण दाबलं आणि बांधापर्यंतची ज्वारी उजळली. बांधावर दोन अनोळखी माणसं आमच्याकडंच बघत उभी होती. अम्मी पदर खोचून उजेडात पुढं गेली आणि खणखणीत आवाजात तिनं विचारलं, "काय पायजे?" "काय न्हाय, मावशी," म्हणत ती दोघं निघून गेली. मग मामूंनी पट्टीचं लोंबणारं टोक मी ते चिकटवेपर्यंत धरून ठेवलं. अजूनही लोक विचारतात, दोघीच फिरता, भीती वाटत नाही का? वाटते की. पण ती वाटते म्हणून आम्ही घरी बसलो नाही.