तोंडपाठ असण्याला पाचपैकी पाच

साकीनाक्याच्या आमच्या व्हॉल्व्हच्या कंपनीत ऑर्डरी एका सिस्टीमवर, गोदाम दुसरीवर, पगार तिसरीवर; तिघींचं आपसात बोलणं नाही. पुढची घडी कशी बसवायची, ते ठरवायला साहेबांनी मला बसवलं. पर्याय तीन: जुनंच डागडुजी करून चालवायचं, जुन्याला नवं जोडायचं, नाहीतर सगळं मोडून एकच मोठी तयार सिस्टीम आणायची. मी एक्सेलमध्ये तुलनेचा तक्ता मांडला. असा रंगीत, की बघायला तिकीट लावावं!

गोदामाची सिस्टीम वीस वर्षांपूर्वी माझ्या मित्राने लिहिलेली. देवगडचा गडी, माझ्या शेजारच्याच खुर्चीवर. तिसरा पर्याय जिंकला की त्याचं काम संपणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक.

"गुण देताना हात आखडू नको हां, मेल्या."

"लाच काय देशील?"

"आईने कुळथाची पिठी पाठवलीय."

"एवढ्याशा पिठीवर नोकरी वाचवू?"

पण वाचवायला निघालो खरा. पहिल्या पर्यायाच्या 'जमेच्या बाजू'मध्ये झोकात लिहिलं: 'या सिस्टीमचा कोपरान्‌कोपरा आमच्या सहकाऱ्याला तोंडपाठ आहे. कधी कागद उघडावा लागत नाही.' पाचपैकी पाच. वाचून तो चक्क लाजला.

बैठकीत बाहेरून बोलावलेल्या कन्सल्टंट बाई नेमक्या त्या ओळीवर थांबल्या.

"म्हणजे लिहून ठेवलेलं काहीच नाही?"

"गरजच पडली नाही!" मी छाती काढून म्हणालो.

"आणि ते उद्या आजारी पडले तर?"

बाईंनी माझी ओळ उचलून 'धोके'मध्ये टाकली, पाचाचा शून्य केला. बेरजेचं सूत्र मीच बसवलेलं, ते इमानाने चाललं. पहिला पर्याय तळाला गेला. दुसऱ्यालाही तोच माणूस लागत होता, तोही घसरला.

"तक्ता झकास केलात हो," साहेब खूश. "वादच उरला नाही."

मी जागेवर आलो.

"कितवा आलो?" मित्राने विचारलं. मी सगळं सांगितलं, माझ्या ओळीसकट.

"खोटं काय लिहिलंस तू? आहेच मला तोंडपाठ."

आता डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं काम त्याला दिलंय. ते संपलं की त्याला निरोप. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून तो सांगतो, मी टाइप करतो. काल दिवसभरात एक पान झालं.

"जरा हळू सांगतो, चालेल ना?" तो म्हणाला.

"सांग रे सावकाश," मी म्हणालो, आणि तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवलं.