नाकावरचा पदर

जव्हारच्या राजाच्या बागेत उतारावर फुलांचं विलायती बी पेरायचं होतं, राईहूनही बारीक. घाटावरून आलेल्या माळीबुवांनी ते दोनदा मातीत खोल पुरलं, आणि दोन्ही वेळा फुकट गेलं. मग जामसरहून खुरपायला येणाऱ्या पोशीने उरलेलं बी नाचणीसारखं राखेत कालवून वरच्यावर फेकलं, तळव्याने हलकेच दाबलं. दिवाळीआधी सगळा उतार पांढऱ्या फुलांनी झाकून गेला आणि मधासारखा वास थेट फाटकापर्यंत येऊ लागला.

पोशी मात्र नाकाला पदर बांधून खुरपायची. माळीबुवा चिडले, "गाढवाला गुळाची चव काय! एवढा सुवास, आणि हिला घाण येते!"

पोशीने पदराची गाठ आणखी घट्ट केली. तिच्या पाड्यावर नवं पीक कणसरी देवीला दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नसे. हेही तिच्याच हातचं पीक होतं, फक्त नाकाने खायचं.

घरची नाचणी आली त्या दिवशी तिने कणसांशेजारी मूठभर फुलंही देवीपुढे ठेवली. दुसऱ्या सकाळी बागेत येऊन तिने पदर सोडला, उतारावर ओणवी झाली आणि पोटभर श्वास घेतला.

"माळीबुवा," ती म्हणाली, "तुमी महिनाभर आधीच खात व्हता. देवीपाशी तुमच्या वाट्याची माफी बी मागितली मी."