गाइडला माळ आवडला

समकालीन कलेच्या इतिहासात पीएचडी करायची म्हणजे आधी गाइड शोधायचा, विद्यापीठ आणि विषय नंतर. माझं नेमकं उलटं झालं होतं. विषय पक्का होता आणि गाइड मिळत नव्हता.

मला मांडणशिल्पांवर काम करायचं होतं. खोलीभर वस्तू मांडून केलेली ही शिल्पं प्रदर्शन संपलं की मोडतात. सामान टेम्पोत भरलं जातं, हॉल झाडून घेतात. मग जे आता कुठेच नाही, त्याचा इतिहास कशावरून लिहायचा? एवढाच माझा प्रश्न. पण भरे गावची मुलगी म्हटल्यावर प्रत्येकाला माझ्यासाठी दुसराच विषय सुचायचा. एका विद्यापीठातल्या बाई म्हणाल्या, लोककलेवर करा. दुसरीकडे मुलाखतीत विचारलं, तुमच्याकडे घरांच्या भिंतींवर काही काढतात का? म्हटलं, काढतात की, सिमेंटच्या जाहिराती. कोणी हसलं नाही. शहरातली मुलगी वाटेल त्या विषयात डोकं घालू शकते, मी मात्र आयुष्यभर गावाच्याच भिंती बघायच्या! याचा मला संताप यायचा, अजूनही येतो.

ज्यांनी या विषयावर स्वतः लिहिलंय असे आमच्या भागात एकच सर उरले. त्यांच्याकडे एकाच विद्यार्थ्याची जागा रिकामी होती आणि त्यांच्या संमतिपत्राशिवाय अर्ज भरता येणार नव्हता. मी प्रस्ताव पाठवला. उत्तर आलं, रविवारी कोळवणला मित्राच्या फार्महाऊसवर चाललोय, वाटेत तुमच्याकडे थांबतो. मला आभाळ ठेंगणं झालं.

रविवारी मी आत पोहे करत होते. आमच्याकडे दारात शहरातली गाडी थांबली की माणूस जमीन बघायला आलाय असंच धरून चालतात, कारण सगळे त्यासाठीच येतात. सरांना खुर्ची द्यायच्या आधी माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, विचारलं, "शेतकरी दाखला हाय का तुमचा?" शेतकऱ्यालाच शेतजमीन घेता येते, म्हणून आमच्याकडचा हा पहिला प्रश्न. सरांची गावाकडे वडिलोपार्जित शेती होती. ते म्हणाले, "आहे की." मी पोहे घेऊन बाहेर आले, तर ओट्यावर कोणी नाही. दोघं माळावर पोचलेले.

खाली रस्त्यालगतचं बहुतेक विकून, उरलेल्यात भाड्याच्या खोल्या बांधून झाल्यावर आमच्याकडे तेवढा माळच राहिला होता. आप्पा तो येईल त्याला दाखवायचे आणि कोणालाही द्यायचे नाहीत. दाखवण्यातच त्यांना सुख होतं.

मी फाइल घेऊन मागे धावले. आप्पा हात लांब करून हद्द दाखवत होते. "हितनं त्या आंब्यापतूर आपलंच. वारा बगा कसा हाय."

"आप्पा, हे माझे सर आहेत. माझ्या कामासाठी आलेत."

"मंग काय झालं? सरांनी जमीन बगू न्हाई व्हय?"

सर हसले. त्यांनी फाइल हातात घेतली, पण उघडली नाही. "प्रस्ताव वाचलाय मी. चांगला आहे. सविस्तर बोलू." आणि आप्पांकडे वळून म्हणाले, "लाइटचा खांब किती लांब आहे?"

त्यानंतर सरांचे फोन सुरू झाले. दर वेळी वाटायचं, आज प्रस्तावाबद्दल बोलतील. ते रस्त्याची रुंदी विचारायचे, मोजणी झालीय का विचारायचे, सातबारा पाठव म्हणायचे. तुम्हीवरून तूवर आले होते. मी सगळं सांगून झाल्यावर हळूच संमतिपत्राचा विषय काढायचे. "हो हो, बघतो." घोंगडं भिजतच पडलेलं. कलेच्या इतिहासात एम.ए. करून मी जमिनीची एजंट झाले होते, तीही फुकटची.

शेवटी चिडून आप्पांना म्हटलं, एकदाचं त्यांना नाही म्हणून टाका. तर ते शांतपणे म्हणाले, "शब्द दिलाय मी सरास्नी. जमीन घेतली की मानूस बांधला जातो. शेजारी झाला का तुझं काम करंल." मी खूप भांडले. आणि त्याच वेळी मला आशाही वाटत होती.

अर्जाची शेवटची तारीख तोंडावर आली तेव्हा मी भीड सोडून फोन केला. "सर, तुम्ही मला घेताय ना?"

"अगं, तेच सांगणार होतो. आता आपला जमिनीचा व्यवहार होतोय. ज्यांच्याशी व्यवहार, त्यांच्याच मुलीला मी गाइड करणं नियमात बसत नाही. ती जागा मी दुसऱ्या एकाला देऊन टाकली. तू काय, घरचीच."

इतक्या सभ्यपणे तोंडाला पानं पुसलेली मी कधी पाहिली नव्हती.

आप्पा ओट्यावरच होते. त्यांना सगळं सांगितलं. "म्हंजी जमीन दाखवली नसती, तर घेतलं आसतं तुला?"

मी ‘नाही’ म्हणू शकले असते. म्हणाले नाही.

त्यांनी मला सरांना परत फोन लावायला लावला आणि तो हातात घेतला. "जमीन न्हाई द्यायची. शब्द मोडला म्हना," एवढं बोलून फोन माझ्याकडे दिला. माझ्या आठवणीत त्यांनी शब्द मोडला तो हा एकदाच. मग म्हणाले, "तुझ्या इषयातलं दुसरं कुनी न्हाई का?"

"हायेत एक. दिल्लीला."

"मंग बोलव की त्यास्नी. माळ दाखवू."

माझा तोल गेला. मी अशी ओरडले की खोल्यांमधले भाडेकरू दारात येऊन उभे राहिले. माझा प्रस्ताव आहे, माझा अभ्यास आहे, तुमचा माळ कशाला मधे, असं बरंच काही. आप्पांनी मला पूर्ण ओरडू दिलं.

"तुझ्याकडं आसंल ते तू दाखव," ते म्हणाले. "माझ्याकडं दुसरं काय हाय दाखवायला?"